थॅडियस स्टीव्हन्सचं अर्धंच ऐकलं

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते: लिंकन जगला असता तर. म्हणजे १८६५ च्या एप्रिलमध्ये त्या नाटकगृहात गोळी लागली नसती तर त्याने हरलेल्या दक्षिणेला, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटून निघालेल्या आणि यादवी युद्धात हरलेल्या राज्यांना, प्रेमाने जवळ घेतलं असतं, जखमा भरल्या असत्या आणि पुढची शंभर वर्षं जे काय घडलं, काळ्यांवर हल्ले करणारी कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची टोळी, झाडाला लटकवलेली माणसं, गोऱ्यांचे नळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, ते घडलंच नसतं. मग या गोष्टीला एक खलनायक लागतो आणि तो ठरलेला असतो, पेनसिल्व्हेनियाचा वकील आणि खासदार थॅडियस स्टीव्हन्स. पायाने अधू, टोप घालणारा, तोंडाचा फटकळ, सूडाने पेटलेला म्हातारा, ज्याने दक्षिणेवर लष्कर बसवलं आणि दोन्हीकडची मनं कायमची कडू केली. याला उत्तर देणारे लोक काय करतात तर लिंकनलाच ढोंगी ठरवून मोकळे होतात. म्हणजे सगळा वाद मवाळ चांगला की जहाल चांगला असा स्वभावावर चालतो आणि १८६५ ते १८६८ मध्ये कुठल्या महिन्यात नक्की काय झालं हे कुणी उघडून बघत नाही. मला विचाराल तर स्टीव्हन्स त्या काळातल्या राजकारणातला सगळ्यात व्यवहारी माणूस होता, त्याने जे सांगितलं त्यातलं अर्धं केलं गेलं, अर्धं टाळलं गेलं, आणि पुढची पडझड त्या टाळलेल्या अर्ध्यातून झाली.

त्याच्या विरोधातली सगळ्यात अवघड गोष्ट आधी घेतो, कारण त्याचे चाहते ती हळूच बाजूला सारतात. १८२१ साली स्टीव्हन्स गेटिसबर्गला वकिली करायचा, तिशीसुद्धा गाठली नव्हती, आणि त्याने मेरीलँडच्या एका गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं. समोर होती चॅरिटी बटलर नावाची बाई आणि तिची मुलं. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला की मोकळा व्हायचा. चॅरिटीला ज्या बाईकडे कामाला दिलं होतं ती तिला सोबत घेऊन अधूनमधून पेनसिल्व्हेनियात यायची, आणि चॅरिटीचं म्हणणं की हे सगळे दिवस मिळून सहा महिने होतात. स्टीव्हन्सने कोर्टात सांगितलं की सहा महिने सलग पाहिजेत, तुकडे जोडून चालणार नाही. कोर्टाला ते पटलं, तो जिंकला, आणि एक आई मुलांसकट परत गुलामगिरीत गेली. याचं समर्थन मी करणार नाही, करता येतही नाही. तो वकील होता, पक्षकारासाठी लढला, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि माणूस म्हणून तोकडं आहे.

पण या खटल्यावरून त्याला दुटप्पी ठरवणारे पुढचं बघत नाहीत. पुढे लँकेस्टरला गेल्यावर हाच माणूस पळून आलेल्या गुलामांची बाजू लढवणारा वकील म्हणून ओळखला गेला. १८५१ मध्ये ख्रिस्तियाना गावात गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा मालक मारला गेला आणि सरकारने ३८ लोकांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला, तेव्हा बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता, आणि ज्याच्यावर खटला चालला त्या कॅस्टनर हॅनवेला ज्यूरीने पंधरा मिनिटांत सोडलं. मला या दोन खटल्यांमध्ये एक धागा दिसतो. कायद्यात बारीकशी फट असली तर तिच्यातून माणसाचं स्वातंत्र्य कसं काढून घेता येतं हे स्टीव्हन्सला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं, त्याने ते स्वतःच्या हाताने केलं होतं. १८६५ नंतर बाकीचे लोक गुलामगिरी संपली म्हणून सुटकेचा श्वास घेत होते तेव्हा हा एकटा फटी शोधत बसला होता, त्याचं कारण माझ्या मते इथे आहे.

बाकीचं चरित्र थोडक्यात. जन्म १७९२, व्हर्माँटमधलं डॅनव्हिल गाव, जन्मतःच पाय वाकडा, बाप घर सोडून गेला, आईने चार मुलं एकटीने वाढवली आणि याला शिकवलं. त्यामुळे १८३५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत फुकट शाळांचा कायदा रद्द करायचा घाट घातला गेला, आमच्या करातून गरिबाच्या पोरांना का शिकवायचं असा सूर होता आणि वरच्या सभागृहाने तर रद्द करायला मान्यताही दिली होती, तेव्हा स्टीव्हन्सने उभं राहून असं भाषण केलं की सभागृह फिरलं आणि कायदा वाचला. तीन वर्षांनी राज्याची नवी घटना झाली, तिच्यात मतदान फक्त गोऱ्यांना असा शब्द घातला, तर तयार करणाऱ्यांपैकी एक असूनही याने सही केली नाही. ही १८३८ ची गोष्ट आहे हे लक्षात ठेवा, कारण सूडाच्या मुद्द्याला ती लागणार आहे.

आता लिंकनचं. लिंकनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की १८६१ मध्ये स्टीव्हन्सच्या वेगाने गेलं असतं तर केंटकी, मिसुरी, मेरीलँड ही सीमेवरची राज्यं, जिथे गुलामगिरी होती पण जी फुटून गेली नव्हती, ती हातची गेली असती आणि युद्धच हरलो असतो. हे मला मान्य आहे. उत्तरेच्याच जनरल फ्रेमाँटने मिसुरीत परस्पर गुलाम मुक्त केल्याचा हुकूम काढला आणि लिंकनने तो मागे घेतला, तेव्हा केंटकीची भीती खोटी नव्हती. युद्ध जिंकायचं होतं आणि त्याला लिंकनसारखा पाणी जोखून पाय टाकणारा माणूसच लागत होता. पण पाणी खोल आहे की उथळ हे बदलत कोण होतं? १८६१ च्या जुलैमध्ये काँग्रेसने जवळपास एकमताने ठराव केला की हे युद्ध गुलामगिरी मोडायला नाही. डिसेंबरमध्ये तोच ठराव परत आला तेव्हा स्टीव्हन्सच्या पुढाकाराने हाऊसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, तो बाजूला सारला. पाच महिन्यांत एवढा फरक आपोआप पडत नाही, कुणीतरी रोज तोच मुद्दा लावून धरतो, शिव्या खातो, आणि मग एक दिवस तो मुद्दा मधल्या माणसाला बोलता येईल इतका साधा वाटायला लागतो. आणि स्टीव्हन्स नुसता बोलत नव्हता. हाऊसच्या अर्थविषयक समितीचा, म्हणजे वेज अँड मीन्सचा, तो अध्यक्ष होता. पहिला इन्कम टॅक्स, कागदी ग्रीनबॅक नोटा, सैन्याचा पगार, युद्धाचा सगळा पैसा त्याच्या समितीतून गेला. लिंकनचं युद्ध ज्याने चालवून दिलं त्यालाच उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणायचं?

शिवाय लिंकन मवाळच राहिला असता हे कशावरून? मरणाच्या चार दिवस आधीच्या भाषणात त्याने काही काळ्या लोकांना, शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना, मत मिळावं असं जाहीर म्हटलं होतं. चार वर्षांत जो माणूस इतका सरकला तो तिथेच थांबला असता असं धरून चालणं म्हणजे त्याला आपल्या सोयीने गोठवून ठेवणं झालं.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. मवाळ धोरण वापरून बघितलंच गेलं नाही असं जे गृहीत धरलं जातं ते साफ चूक आहे. ते वापरलं गेलं. लिंकननंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने १८६५ च्या मे महिन्यात सरसकट माफी जाहीर केली, श्रीमंत बंडखोरांना व्यक्तिगत अर्ज करायला लावले आणि मग ते अर्ज हजारोंनी मंजूर केले. काळ्यांना मत नाही, जमीन नाही, राज्यांनी आपापली विधिमंडळं बनवावीत आणि परत यावं. एवढी मोकळीक मिळाल्यावर दक्षिणेने काय केलं? त्याच नोव्हेंबरमध्ये मिसिसिपीने कायदे केले. प्रत्येक काळ्या माणसाकडे जानेवारीत नोकरी असल्याचा लेखी पुरावा पाहिजे. नसेल तर तो भटक्या, त्याला दंड. दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. आणि शहराबाहेर त्याला जमीन भाड्याने घ्यायचीही बंदी. हे एकत्र वाचा आणि त्या शेतमजुराच्या जागी उभे राहा. खेड्यात राहतो, जमीन खंडाने घेता येत नाही, म्हणजे मजुरीच करायची, ती जुन्या मालकाकडेच, आणि त्याने कागद लिहून दिला नाही तर तू गुन्हेगार. तेराव्या घटनादुरुस्तीत गुलामगिरी बंद करताना गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल असा अपवाद ठेवलेला होता, आणि वर्षसुद्धा संपलं नव्हतं तोवर फट सापडली होती.

पुढचं वर्ष उजाडलं. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसमध्ये ४६ काळी माणसं मारली गेली, वस्त्या, चर्च, शाळा जाळल्या. जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्सला मताधिकारासाठी भरलेल्या सभेवर हल्ला झाला, त्यात पोलीसही होते. आणि दक्षिणेत लष्करी अंमल आणणारे ते बदनाम कायदे कधी झाले? १८६७ च्या मार्चमध्ये. म्हणजे जहालपणामुळे हिंसा भडकली हा जो क्रम सांगितला जातो तो उलटा आहे. आधी माफी, मग काळे कायदे, मग कत्तली, आणि मग लष्कर. तारखा समोर ठेवल्या की सगळ्यांना आवडणारी ती हळवी गोष्ट उभीच राहत नाही.

सूड म्हणाल तर सूड घेतला कुणावर? बंडाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षं तुरुंगात राहून जामिनावर सुटला, त्याच्यावर खटलाच चालला नाही, तो १८८९ पर्यंत जगला. देशद्रोहासाठी एकाही बंडखोर पुढाऱ्याला फाशी झाली नाही. सहा लाखांहून जास्त माणसं मेलेल्या यादवी युद्धानंतर इतकी सौम्य वागणूक इतिहासात फार कमी ठिकाणी सापडेल. हां, स्टीव्हन्सचं स्वतःचं नुकसान झालं होतं हे खरं आहे. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेच्या सैन्याने त्याचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला. त्याला राग आला नसेल असं मी म्हणत नाही आणि त्याची भाषा तर जहरीच होती, जिंकलेला मुलूख म्हणून वागवा असं तो उघड म्हणायचा. पण राग १८६३ चा आणि सही नाकारली १८३८ साली, मग त्याची मतं रागातून आली म्हणायला जागा कुठे राहते?

त्याच्या मागण्या किती अतिरेकी होत्या ते आता आकड्यांत बघू. १८६५ च्या सप्टेंबरमध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशोब मांडला. बंडखोर राज्यांत एकूण ४६.५ कोटी एकर जमीन. त्यातली २०० एकरांपेक्षा मोठी धारणं असलेले लोक सुमारे ७०,०००, आणि राज्यांच्या मालकीची धरून त्यांच्याकडे ३९.४ कोटी एकर. ती ताब्यात घ्या, मुक्त झालेल्या दहा लाख प्रौढ पुरुषांना प्रत्येकी ४० एकर द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा आणि जखमी सैनिकांना पेन्शन द्या. म्हणजे ज्यांनी पिढ्यानपिढ्या फुकट राबून ती जमीन कसली त्यांच्या वाट्याला ताब्यात घेतलेल्यातली दहा एकरांमागे एक, आणि दक्षिणेतल्या दहातल्या नऊ माणसांना हातही लागणार नाही. यात अतिरेक कुठे आहे ते मला दाखवा.

याच्यावरचा आक्षेप मात्र गंभीर आहे, तो असा की खासगी मालमत्ता सरकारने अशी काढून घेतली तर कुणाचंच काही सुरक्षित राहत नाही, आणि अमेरिकन घटनेतही देशद्रोह्याची मालमत्ता त्याच्या हयातीपलीकडे जप्त करायला मनाई आहे. लिंकनने स्वतः १८६२ मध्ये हा मुद्दा धरून जप्तीच्या कायद्याला लगाम घातला होता. उत्तरेतल्या कारखानदारांना भीती होती की आज बागायतदाराची जमीन, उद्या आमची गिरणी. ही भीती मला समजते. पण त्याच १८६२ सालात त्याच सरकारने होमस्टेड कायदा करून पश्चिमेतली १६० एकर जमीन जवळपास फुकट वाटायला घेतली, रेल्वे कंपन्यांना लाखो एकर दिले, आणि ती जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती तेव्हा मालमत्तेच्या पावित्र्याची आठवण कुणाला झाली नाही. वॉशिंग्टन शहरात गुलाम मुक्त केले तेव्हा माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली, ती मालकांना. ब्रिटनने १८३३ मध्ये दोन कोटी पौंड दिले, तेही मालकांनाच, राबणाऱ्याला दमडी नाही. आणि १८६१ मध्ये रशियाच्या झारने, लोकशाहीशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाने, भूदासांना मोकळं करताना त्यांना जमीन दिली. ती पुरेशी नव्हती, तिचे हप्ते शेतकऱ्यांच्या मानेवर दशकानुदशकं बसले, हे सगळं खरं, पण मोकळ्या माणसाला पायाखाली जमीन लागते एवढं तरी त्या दरबाराला कळलं होतं, आणि स्टीव्हन्सनेही काँग्रेसला हाच दाखला दिला होता.

जमिनीचं बिल त्याने १८६७ च्या मार्चमध्ये मांडलं, पक्षातल्याच लोकांनी ते गुंडाळून ठेवलं. अतिरेकी माणूस अशा वेळी काय करतो? सगळं द्या नाहीतर काहीच नको म्हणतो. स्टीव्हन्सचं रेकॉर्ड बघा. १३ जून १८६६ ला चौदावी घटनादुरुस्ती, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी, शेवटच्या मतदानाला आली, तिच्यात काळ्यांना मताचा हक्क नव्हता, त्याला हवं होतं त्यातलं कितीतरी गळून गेलं होतं. त्याने भर सभागृहात सांगितलं की ही अपुरी आहे हे मला माहीत आहे, तरी मी ती का स्वीकारतो, तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. आणि मत दिलं, आणि ती १२० विरुद्ध ३२ ने पास झाली. त्याच्याआधी तेराव्या दुरुस्तीच्या वेळी मला फक्त कायद्यापुढची समानता हवी आहे असं म्हणून त्याने जीभ आवरली होती, मधल्या लोकांची मतं बिथरू नयेत म्हणून. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडला तिच्यासाठी स्वतःचं बोलणं गिळायची तयारी असणं, याला मी तरी धर्मवेडेपणा म्हणणार नाही.

एका ठिकाणी मी त्याच्या बाजूने नाही, ते म्हणजे जॉन्सनवरचा महाभियोग. जॉन्सन वाईट अध्यक्ष होता यात वाद नाही, पण ज्या कायद्याच्या आधाराने खटला उभा केला, म्हणजे अध्यक्षाने सिनेटला विचारल्याशिवाय मंत्री काढायचा नाही, तो कायदाच लंगडा होता आणि १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तशा अर्थाचा निकालही दिला. स्टीव्हन्स तेव्हा इतका आजारी होता की त्याला खुर्चीत बसवून सिनेटमध्ये उचलून न्यायचे, भाषण त्याला पुरं वाचवलं नाही, राहिलेलं त्याचा सहकारी खासदार बेंजामिन बटलरने वाचलं. एका मताने जॉन्सन सुटला. तीन महिन्यांत, ऑगस्ट १८६८ मध्ये, स्टीव्हन्स गेला. त्याची शेवटची ताकद जमिनीवर लागायला हवी होती असं मला फार वाटतं.

आपल्याशी याचा संबंध काय असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना. आपण ती अर्पणपत्रिका वाचतो आणि डोळ्यासमोर एकटा लिंकन आणतो. पण १८७३ मध्ये ते काम संपलेलं नव्हतं, मिसिसिपीसारख्या राज्याने तीनच वर्षांपूर्वी हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सिनेटर निवडून पाठवला होता, दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सरकारी शाळा निघत होत्या, आणि हे सगळं स्टीव्हन्स आणि त्याच्या साथीदारांच्या कायद्यांवर उभं होतं. दुसरी गोष्ट आत्ताची. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये व्हिसावर असलेल्या आपल्या मराठी घरांतली जी मुलं जन्माने अमेरिकन झाली ती चौदाव्या दुरुस्तीमुळे, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच्या विरुद्ध हुकूम निघाला तेव्हा त्या घरांतली झोप उडाली. नागरिकत्वाचं ते वाक्य सिनेटर जेकब हॉवर्डचं, पहिल्या कलमातला बराच मजकूर जॉन बिंगहॅमचा, पण हाऊसमधून ते तडीला नेणाऱ्यांत स्टीव्हन्स पुढे होता. ज्याला सूडबुद्धीचा म्हणता त्याने पास करून घेतलेल्या मजकुराचा आधार आज आपलीच माणसं कोर्टात घेतायत.

शेवटचा आक्षेप राहतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. जमीन दिली असती तरी काय झालं असतं, १८७७ मध्ये सैन्य निघून गेलं, मत बंदुकीच्या धाकाने काढून घेतलं, तशी जमीनही काढून घेतली असती. कितीतरी ठिकाणी काळ्या शेतकऱ्यांच्या जमिनी अशा गेल्याही. पण साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ब्यूफर्ट नावाची एक जागा आहे, तिथलं उदाहरण बघा. ती बेटं युद्धाच्या सुरुवातीलाच उत्तरेच्या ताब्यात आली, पळून गेलेल्या बागायतदारांनी कर भरला नाही म्हणून सरकारने त्यांच्या जमिनी लिलावात काढल्या, आणि त्यातल्या बऱ्याच छोटे तुकडे करून तिथल्याच मुक्त गुलामांनी विकत घेतल्या. बाकी किनाऱ्यावर उत्तरेच्या जनरल शर्मनने मुक्त गुलामांना वाटलेली जमीन जॉन्सनने परत मालकांना दिली, इथली मात्र बरीचशी टिकली. या गावातला रॉबर्ट स्मॉल्स, ज्याने १८६२ मध्ये गुलाम असताना चार्ल्स्टन बंदरातून शत्रूचं जहाज पळवून उत्तरेच्या नौदलाच्या स्वाधीन केलं, त्याने अशाच लिलावात आपल्या जुन्या मालकाचं घर विकत घेतलं. बाकी दक्षिणेत सैन्य गेल्यावर काळ्यांचं राजकारण मोडून पडत होतं तेव्हा हा माणूस मधे मधे खंड पडत का होईना १८८७ पर्यंत काँग्रेसमध्ये बसत होता, कारण त्याला मत देणाऱ्यांत स्वतःच्या जमिनीवर राहणारी घरं मोठ्या संख्येने होती आणि मत दिलं म्हणून त्यांना शेतातून हाकलून द्यायला मालकच नव्हता. स्टीव्हन्स मागत होता ते हेच, दक्षिणेतल्या दहा लाख घरांसाठी.